एक डबा, तीन खोल्या

"एक डबा, तीन खोल्या, वर्गणी एकच!" छतावरच्या डिशपासून टीव्हीच्या सेट-टॉप डब्यापर्यंत आणि तिथून तिन्ही खोल्यांत सब्रीने स्वतःच वायरी ओढल्या होत्या आणि अख्ख्या अलेक्झांड्रियात आपल्याइतका हुशार माणूस नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

"तिन्ही खोल्यांत एकच चॅनल दिसतं, त्याचं काय?" बायको करीमा म्हणाली. "आणि रिमोट माझ्या आईच्या उशीखाली!"

"म्हातारं माणूस. बघू दे की."

"आज फिक्री सहकुटुंब रोजा सोडायला येतोय. माझ्या भावासमोर फजिती झाली, तर खोलीगणिक वेगळा डबा आणायचा. कबूल?"

"कबूल!"

संध्याकाळी सगळे हातात खजूर घेऊन टीव्हीकडे डोळे लावून बसले. पडद्यावर एकदम मशीद आली आणि अजान सुरू झाली. "बिस्मिल्लाह!" म्हणत फिक्रीने खजूर तोंडात टाकला. सब्रीने तर जर्दाळूच्या सरबताचा ग्लास एका दमात रिकामा केला.

तेवढ्यात सूपचं पातेलं घेऊन करीमा आली. "अहो, थांबा! ही कैरोची अजान! तिथे सूर्य आधी मावळतो, आपल्याकडे अजून वेळ आहे!"

आतल्या खोलीतल्या, हज करून आलेल्या सासूबाईंना सब्री ओरडून म्हणाला, "हाज्जा, चॅनल बदललंत?"

"बदललं. माझी मालिका कैरोच्या चॅनलवर लागते," सासूबाईंचा शांत आवाज आला. "मी आपल्या मशिदीची वाट बघतेय. तुम्हाला कान नाहीत?"

फिक्री पोट धरून हसायला लागला. "दाजी, मानलं! एका डब्यात सगळ्यांचे रोजे मोडलेत!"

"यात फजिती कसली?" सब्री ताठ मानेने म्हणाला. "ईदनंतर एक दिवस सगळे मिळून रोजा भरून काढू. पण डबा एकच राहणार!" करीमाला हसू आवरत नव्हतं, म्हणून विषय तिथेच राहिला.

ईदनंतर ठरल्या दिवशी फिक्री सहकुटुंब सकाळीच आला. ज्यांनी खाल्लं होतं, ते सगळे उपाशी. मायलेकींचे रोजे मात्र शाबूत होते. दोघींनी निवांत उसळ-रोटी खाल्ली. मग सासूबाईंनी उशीखालून रिमोट काढला आणि स्वयंपाकाचं चॅनल लावलं. तिन्ही खोल्यांत एकदम लोण्यात बदक परतलं जाऊ लागलं.

"हाज्जा, दुसरं काही लावा ना," सब्री काकुळतीला आला.

"का? माझा कुठे रोजा आहे?"

दुपारी बदकाच्या पोटात भात भरला जायला लागला, तसा सब्री उठला आणि त्याने चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात?" करीमाने विचारलं.

"डबे आणायला."

"किती आणताय?"

"बदक दिसणार नाही इतके!"