सहाव्या घटिकेची हकीकत

विघ्नहर्त्यास नमन करून, वडीलधाऱ्यांचे तोंडून जें ऐकिलें तें लिहितों. उणें असेल तें ऐकणारांनीं गोड करून घ्यावें. शके सतराशें बेचाळीस, विक्रमनाम संवत्सरीं, वैशाख शुद्ध पंचमीस राजकन्या गोदूबाईसाहेब यांची सासरीं पाठवणी नेमिली. लग्नाचे समयीं महाराज मोहिमेवर गुंतले होते, लेकीवर अक्षता टाकावयास मिळाल्या नाहींत, ती गोष्ट त्यांचे जिवास लागून राहिली होती. आणि पाठवणी तरी हातची जाऊं नये म्हणून दोन दिवसांची मजल एका दिवसांत मारून आदले सांजेस वाड्यांत दाखल जाहले. जोशी त्र्यंबकभट नवें गणित शिकून आलेले, त्यांनीं कागदावर लिहून दिलें कीं सूर्योदयापासून २.४ तासांनीं पालखी उचलावी, मुहूर्त टळूं नये. आणि पुढले चौकांत रखमाजी घटके घंगाळांत तळास भोक असलेली तांब्याची वाटी सोडून बसले. ती चोवीस मिनिटांनीं भरून बुडे, ती एक घटिका, मग रखमाजी टोला देत. चाळीस वर्षें हेंच काम. गोदूबाईसाहेब लहान असतां त्या घंगाळांत झेंडूच्या पाकळ्या सोडीत, आणि रखमाजी रागावल्यासारखें करून एकेक पाकळी वेचून काढीत. त्या दिवशीं त्यांचें चित्त कोठून थाऱ्यावर असणार.

पांच वाट्या बुडाल्या तों महाराज डोईस तेल थापून चौकांतून चालिले आणि पुसिलें, "रखमाजी, किती जाहलें?"

"दोन तास, महाराज."

"मग अजून चाळीस मिनिटें आहेत. निवांत न्हाऊन घेतों." ऐसें बोलून मागले चौकीं न्हाणीघरांत गेले. धन्याची चूक कशी काढावी, या विचारांत रखमाजींची अर्धी वाटी भरली, मग न राहवून गरम पाणी नेणारी भिवरा हिजला सांगितलें, "चाळीस नव्हेत, चोवीस म्हणावें." आंतून उत्तर आलें कीं, "बिंदूपुढें चार आहेत. दहांतले चार म्हणजे चाळीस. आम्हांस गणित शिकवितां?" भिवरा तोंडाची फटकळ, ती दाराआडून बोलिली, "शंभर मिनिटांचा तास कुणाच्या घरीं असतो, महाराज? साठांचा दहावा हिस्सा सहा, आणि सहा चोक चोवीस. त्यांतलीं निम्मीं तुमच्या शिकेकाईंत गेलीं."

आंत महाराज घाईनें तांब्यावर तांब्या ओतूं लागले. मग डोळ्यांतली शिकेकाई धुणें, उपरणें शोधणें, यांत आणखी वेळ गेला. इकडे सहाव्या वाटीस पाणी कांठोकांठ आलें, भोयांनीं दांडीस खांदा दिला, आणि गोदूबाईसाहेब मागल्या दाराकडे डोळे लावून बसल्या. रखमाजींस तें पाहवेना. त्यांनीं घंगाळांत हात घातला आणि एका बोटानें वाटी खालून उचलून धरिली. त्र्यंबकभटांनीं तें पाहिलें, आणि मान वळवून सूर्याकडे पाहत राहिले.

महाराज अनवाणी धांवत आले आणि पालखीशीं वांकून लेकीस पोटाशीं धरिलें. शालू भिजला. "आबा, अंग तरी पुसायचें," एवढेंच ती बोलिली, आणि महाराज लहान मुलासारखे रडले.

रखमाजींनीं बोट काढिलें, वाटी बुडाली, टोला पडला, पालखी निघाली. मागाहून महाराजांनीं हळूच पुसिलें, "रखमाजी, ही घटिका लांबली काय?"

"पाणी आज जड होतें, महाराज."

तात्पर्य, बिंदूपुढला अंक सहांनीं गुणावा म्हणजे मिनिटें निघतात. त्या राज्यांत घटिका चोवीस मिनिटांची; एकच पंचवीसांची जाहली, आणि तिचा जाब कोणीं मागितला नाहीं.