थायलंडच्या दर्यात सगुणाचा नारळ

"सगल्या दिवाले गावानं बेलापूरच्या खारीत नारल वाहावा. आपला यंदा थेट थायलंडच्या दर्यान परनार," असं सगुणाने जेटीवर जाहीर केलं आणि बायका बघतच राहिल्या.

झालं होतं असं, की जावई दिपेशला ऐरोलीच्या कंपनीतून रजा मिळाली ती नेमकी नारळी पौर्णिमेची. लेक उन्नती म्हणाली, आई, चल थायलंडचं बेट बघायला. मुलगा कुंदन मात्र अडून बसला. नारळी पौर्णिमेला आईच्या हातचा नारळ समुद्रात गेल्याशिवाय हंगामाची त्यांची पहिली होडी आजवर सुटली नव्हती.

"पानी सगला एकच हाय," सगुणाने त्याला समजावलं. "मी तिकरं वाहीन नि तुला फोन करीन. मंग सोर होरी."

पौर्णिमेच्या सकाळी त्या बेटावर दिपेशने मोबाईलमधून बेत ऐकवला. आधी टेकडीएवढा सोनेरी बुद्ध, मग आजोबा-आजीचे खडक, मग होडीतून प्रवाळ. सगुणाचं सगळं लक्ष पिशवीत. तिथे सोनेरी कागदात गुंडाळलेला शेंडीचा नारळ नव्या नवरीसारखा चमकत होता.

बुद्धाला हात जोडून ती मागच्या पायऱ्यांनी पाण्यापाशी उतरली. डोळे मिटले, नारळ सोडला. डोळे उघडते तर एक झाडूवाले आजोबा गुडघाभर पाण्यात! त्यांनी नारळ सदऱ्याला पुसला, दोन्ही हातांनी तिला दिला आणि वाकून हसले. एवढं सोनं बाईच्या हातून निसटलं म्हणून म्हाताऱ्याचा जीव कळवळला असणार. पण वाहिलेला नारळ परत येणं म्हणजे दर्याने मान नाकारणं. सगुणाने तो निमूट पुन्हा पिशवीत घातला.

पुढे 'आजोबा' म्हणतात त्या खडकाचा नको तो पुरुषी आकार पाहून तिने लाजेने पदर डोळ्यांवर घेतला. तशीच, न बघता, तिने नारळ लांब भिरकावला. एका गोऱ्या पाहुण्याने कपड्यांसकट सूर मारला. काठावर टाळ्या पडल्या. पठ्ठ्याने नारळ तर आणलाच, वर सगुणाला मधे घेऊन फोटोही काढला.

तेवढ्यात कुंदनचा फोन. "आये, भरती उतराला लागली. होरी चिखलान बसंल. झाला का?"

होतंय, होतंय, असं सगुणा म्हणाली, लग्नातल्या आचाऱ्यासारखं.

प्रवाळ बघायच्या होडीत बसल्यावर उन्नतीने नावाड्याला खुणांनी समजावलं. हात जोडले, नारळ दाखवला, पाण्याकडे बोट केलं. त्याने मान डोलावली. सगुणाने नारळ सोडला आणि नावाडी पाण्यात! शेजारच्या होडीतून आणखी दोघे! त्यांना ही पोहण्याची शर्यतच वाटली. इकडे यांची होडी बिननावाड्याची गिरक्या घेऊ लागली आणि दिपेशराव सुकाणूच्या दांड्याला घोरपडीसारखे चिकटले. शेवटी नारळ आला, तो नावाड्याने प्रेमाने फुलांची माळ घालून दिला.

पुन्हा फोन वाजला. कुंदनची होडी चिखलाला टेकायला लागली होती.

सगुणाने माळ काढली आणि टराटरा सोनेरी कागद सोलला. उन्नती घाबरली. गावभर सोन्याचा नारळ म्हणून सांगितलंयस ना गं, म्हणाली.

"दर्याला नारल लागतो," सगुणा म्हणाली. "सोना गावाला लागतो."

उघडा, तपकिरी नारळ पाण्यात गेला. त्या बेटावर जिथे पाहावं तिथे नारळ. कुणी मानसुद्धा वळवली नाही. लाटेने तो दोनदा झुलवला आणि नेला. "सोर," एवढंच सगुणा फोनवर म्हणाली. पलीकडे इंजिन धडधडलं, तेव्हा कुठे तिला निळंशार पाणी दिसलं.

पुढच्या आठवड्यात ती कुंदनची मासळी विकायला बसली होती. खारघरच्या चारुलताबाई पापलेट निवडता निवडता म्हणाल्या, आम्हीही त्याच बेटावर निघालोय, मावशी. काय काय बघावं?

सगुणाने बुद्ध आठवला, खडक आठवले, प्रवाळ तर पाहिलेच नव्हते.

"मानसा बघा," ती म्हणाली. "एवरी भली, मेली काय हरवूच देत नाय."