शांतारामभाऊजींचं गाऱ्हाणं

शांतारामभाऊजी वांगी घेतानासुद्धा गाऱ्हाणं घालायचे. बाजारात भाजीवालीपुढे हात जोडून उभे. "बा देवा म्हाराजा! ही माऊली सकाळपासून उन्हात बसली हाय, तिची पाटी रिकामी कर, आणि तिला भाव कमी करायची बुद्धी दे!" ती बिचारी हसत हसत दोन वांगी जास्त घालायची.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं असतं ते ठाऊक असेल तुम्हाला. नसेल तर सांगते. भारी आवाजाचा एक माणूस देवापुढे उभा राहून साऱ्या गावाच्या वतीने मागणं मागतो, आणि तो दम घ्यायला थांबला की मागचे सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" आमच्या वाडीचा तो माणूस म्हणजे शांतारामभाऊजी. रत्नागिरीत टॅक्सी चालवायचे आणि राहायचे माझ्या शेजारी. नाव शांताराम ठेवणाऱ्याने आवाज ऐकला नव्हता एवढंच.

आता मुख्य गोष्ट. एका वर्षी, ऐंशी सालानंतरची गोष्ट, वाडीच्या राखणदार देवाची राखण होती. देवाला कोंबडा आणि बाटली दाखवतात, मग प्रसाद वाटतात. भाऊजींनी बाटलीतला प्रसाद जरा भक्तिभावाने घेतला. तशीच टॅक्सी काढली, आणि घरी येताना थेट माझ्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, घातली. गडगा अर्धा आडवा. गाडीत त्यांची बायको होती, आमची इंदू. लागलं कोणालाच नाही, पण मागून येणाऱ्या हवालदाराने सगळं पाहिलं. खटला झाला.

वकिलाने बजावलं होतं, "तोंड उघडायचं नाही." पण न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" झालं! भाऊजींनी हात जोडले.

"बा न्यायदेवते म्हाराजा! हा हवालदार बोलतो, की शांताराम राखणीला जास्त प्यायला…"

आणि थांबले दम घ्यायला. मागच्या बाकांवर आम्ही वाडीतली बाराजणं. जन्माची सवय. तोंडातून निघून गेलंच, "व्हय म्हाराजा!"

"…की वैनींचा गडगा शांतारामानेच पाडला…"

"व्हय म्हाराजा!" यात माझा आवाज सगळ्यांच्या वर होता, खोटं कशाला बोलू?

पुढचं "पण" त्यांच्या तोंडातच राहिलं. न्यायाधीश रुमालात हसले. वकील डोकं धरून बसला. दंड झाला आणि लायसन सहा महिन्यांसाठी गेलं. तशीही शिक्षा झालीच असती. प्यायले होते ते खरंच होतं.

इंदू दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून माहेरी केळशीला निघाली. जाताना माझ्यासमोर नवऱ्याला म्हणाली, "लायसन परत मिळेल तेव्हा गाडी घेऊन न्यायला या. एस्टीने आलात तर दारातून परत पाठवीन."

सहा महिने भाऊजींनी थेंबाला शिवलं नाही. माझा गडगा स्वतःच्या हाताने रचून दिला, पहिल्यापेक्षा सरळ. टॅक्सी रोज धुवायची, पुसायची, आणि आत बसून चहा प्यायचा. देवळात गाऱ्हाणं चालूच. माझ्या मोतीबिंदूसाठी, कोणाच्या म्हशीसाठी, मुंबईला गेलेल्या पोरांच्या नोकऱ्यांसाठी. संध्याकाळी गडग्यापलीकडून हाक यायची, "वैनी, केळशीचं पत्र आलं काय?" इंदू पत्र मला घालायची, त्यांना नाही.

मुदत संपली. आरटीओत जायच्या दिवशी सकाळीच दारात उभे. "वैनी, तुम्ही चला बरोबर. मी सुरू झालो की चिमटा काढा. जोरात काढा."

मी गेले. चिमटीची तयारी ठेवूनच त्यांच्या शेजारी उभी राहिले. साहेबांनी कागद चाळले आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "दारू पिऊन गाडी घातलीत. आता लायसन परत कशाला हवंय?"

भाऊजींनी हात जोडले. तोंड उघडलं. मी चिमटी पुढे नेली. पण आवाजच येईना! देवळाच्या कौलांना हादरे देणारा माणूस, नुसता ओठ हलवत उभा. शेवटी, मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "बायको केळशीला हाय साहेब. आणायची हाय."

संपलं. ना बा देवा, ना म्हाराजा. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, इतकी वर्षं हा माणूस साऱ्या वाडीसाठी मागत आला, पण स्वतःसाठी काही मागताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. कसं मागायचं तेच त्याला ठाऊक नव्हतं. मी चिमटी पदरात लपवली.

साहेबांनी चाचणी घेतली. पुढे, मागे, चढावर थांबवून, सगळं. "हात चांगला आहे तुमचा," म्हणाले, "फक्त तो ग्लासाला लावू नका." लायसन मिळालं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच टॅक्सी केळशीला गेली. मी तांदूळ निवडायला घेतले, पण लक्ष रस्त्यावर. आले ते त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी. बघते तर भाऊजी पुढे एकटेच, आणि इंदू मागच्या सीटवर, मांडीवर फणस घेऊन, भाडं देऊन आल्यासारखी ताठ बसलेली.

"अगो, मागे कशाला बसलीस?" मी विचारलं.

"बघते अजून सहा महिने," इंदू म्हणाली. "गाडी नीट चालवली तर येईन पुढे."

भाऊजींनी उतरून तिच्यासाठी दार उघडलं. फणस स्वतःच्या खांद्यावर घेतला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मागे तर मागे, वैनी. आरशात दिसत होती सगळी वाट."