यांत्रिक हाताचं कुंकू

"माणूस चंद्रावर पाऊल ठेवून आला, आणि आपण पाहुण्यांना अजून बोटानंच कुंकू लावतो! लाज वाटते मला!"

भर वर्गात लूर्डसनं हे ठणकावलं, तेव्हा लाज म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. ते शनिवारी कळायचं होतं!

लूर्डस म्हणजे बोरिवलीच्या गावठाणातल्या रोझारिओंची थोरली. तिचे जॉनी अंकल ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात नोकरीला. तिथं म्हणे जाड काचेच्या अलीकडे माणूस हात हलवतो आणि पलीकडे, जिथं माणसानं पाऊल टाकायचं नाही तिथं, एक पोलादी हात अगदी तस्सा हलतो! हे ऐकल्यापासून लूर्डसच्या अंगात वारं शिरलं. छत्रीच्या काड्या, दोऱ्याची रिकामी रिळं, सायकलच्या ब्रेकच्या वायरी असं काय काय जमवून तिनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी स्वतःचा यांत्रिक हात उभा केला.

युक्ती सोपी होती. लूर्डसनं उजव्या हाताला पट्टे बांधून पाहुण्यासमोर बसायचं. तिनं स्वतःच्या कपाळाला बोट लावलं, की टेबलावरचा यांत्रिक हात पाहुण्याच्या कपाळाला बोट लावणार. आरशासारखं! बोटाच्या टोकाला खोडरबर, त्यावर तेलात कालवलेलं कुंकू.

तालमीला तिनं वनमालेला समोर बसवलं. ही तिची बाकावरची मैत्रीण, कोकणातली, उंचीनं वीतभर.

"अगो बाय माझे, बरोब्बर लागला!" वनमाला आरशात बघून किंचाळली. "तू तर झकासच गो!"

पण हा सगळा खटाटोप नुसत्या कौतुकासाठी नव्हता. पुढच्या वर्गात उच्च गणित घ्यायचं की गृहशास्त्र, यावरून घरात युद्ध पेटलं होतं.

"पोरीला गणित कशाला?" पप्पा म्हणत. शेवटी ते इतकंच बधले, "प्रमुख पाहुणे शाबास म्हणाले तर घे तुझं गणित. नाय तर गुमान विमलाबाईंकडे शिरा शिकायला जा."

शनिवारी सभागृह गच्च भरलं. पाहुणे शरच्चंद्र साहेब, ट्रॉम्बेचेच इंजिनीअर! कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र बुशशर्ट, आणि उंची अशी की खुर्चीत बसूनही उभे वाटावेत. गृहशास्त्राच्या विमलाबाई नव्या साडीत कुंकवाची वाटी धरून शेजारी उभ्या. पप्पा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

लूर्डसनं ऐटीत कपाळाला बोट लावलं. वनमालेच्या उंचीला बेतलेला यांत्रिक हात करकरत निघाला आणि त्यानं साहेबांच्या नाकाच्या शेंड्यावर कुंकू लावलं!

हास्याचा स्फोट झाला. साहेब मात्र सज्जन. "असू दे, मीच वाकतो," म्हणत ते खाली झुकले.

इथं लूर्डसची नजर पप्पांवर गेली. पप्पा जमिनीकडे बघत होते. भीती वाटल्यावर ती जन्मापासून जे करत आली, तेच तिनं केलं. क्रुसाची खूण!

कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. समोरच्या यंत्रानंही इमानेइतबारे तेच केलं. टप, टप, टप, टप! पांढऱ्या बुशशर्टावर लालभडक ठसे! मागच्या रांगेतल्या गावठाणातल्या म्हाताऱ्या सवयीनं म्हणाल्या, "आमेन!"

"सॉरी सर! सॉरी!" लूर्डस रडकुंडीला आली आणि तिनं माफी मागायला झटकन आपला कान धरला.

पुढचं सांगायला हवं का?

"आई गं!" साहेब ओरडले. त्यांचा कान छत्रीच्या काड्यांत गच्च सापडला होता. बोटं मिटायचा खटका अडकला!

"अगं कार्टे, हात खाली घे!" विमलाबाई ओरडल्या. लूर्डसनं हात खाली घेतला. कानाबरोबर साहेबही खाली गेले.

"वर! वर घे!"

साहेब वर आले.

"खाली नको म्हणते ना!"

पण घाबरलेला हात कुणाचं ऐकतोय! सगळ्या बोरिवलीदेखत प्रमुख पाहुणे कान धरून उठाबशा काढू लागले! मदतीला धावलेल्या विमलाबाईंची वाटी उपडी झाली ती त्यांच्याच नव्या साडीवर.

शेवटी पप्पा प्रयोगाच्या टेबलावरची पक्कड घेऊन धावले. वायर तोडता तोडता मध्येच थबकले. "ही तर माझ्या सायकलची! तरीच सकाळी ब्रेक लागला नाय, मी थेट गोठ्यात!"

लूर्डसला वाटलं, धरणी दुभंगावी. एवढी मोठी नको, आपल्यापुरती! सुटलेल्या हातांनी ती नमस्कार करायला गेली, तर साहेब टुणकन खुर्चीमागे!

तिथूनच लालबुंद कान चोळत ते म्हणाले, "यंत्र उत्तम आहे. पोरीनं जे केलं, तेच त्यानं केलं. हालचाल तंतोतंत!"

"म्हणजे शाबास का साहेब?" पप्पांनी विचारलं.

"यंत्राला शाबास," साहेब म्हणाले. "आवर घालायला हवा तो चालवणारीला."

लूर्डसचे डोळे भरले. पप्पांनी मान डोलावली. "ऐकलंस? सोमवारपासून शिरा."

"कसला शिरा?" कुंकवात न्हालेल्या विमलाबाई कडाडल्या. "रोझारिओ, ही माझ्या स्टोव्हजवळ? पेटता स्टोव्ह, उकळतं तूप आणि हिचा हात? मी नोकरी सोडीन! घाला तिला गणितात. तिथं धरायला काही नसतं!"

पप्पांचा नाइलाज झाला, आणि लूर्डसला उच्च गणित मिळालं. हवं होतं तेच! फक्त ती आनंदाची बातमी सांगायला गेली, की ऐकणारा आधी आपले दोन्ही कान झाकून घेतो.