पिशव्यांचं दुकान आणि आईची ग्राहकसेवा

ऑनलाइन दुकान चालवणं म्हणजे आपल्या हातचा मळ! हे मी साहेबांच्या तोंडावर सांगून नोकरी सोडली. वर जाताजाता ऐकवलं, "एक दिवस तुम्हीच माझ्याकडे ऑर्डर द्याल!"

आतली खोली खांद्याला लावायच्या पिशव्यांनी छतापर्यंत भरली. बायकोने ढीग पाहिला आणि कंबरेवर हात ठेवले.

"अहो, पुढच्या आठवड्यात माझे आईबाबा येणारेत. ते काय पिशव्यांवर झोपणार? तोपर्यंत खोली रिकामी झाली नाही, तर साहेबांचे पाय धरा!"

साहेबांचे पाय! त्यापेक्षा मी पिशवीत शिरून चेन लावून घेईन!

वेबसाइट बनवणारा म्हणाला, "ग्राहकाच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला घरचं प्रेमळ माणूस बसवा. विश्वास वाढतो." घरात प्रेमळ माणूस एकच, माझी आई. जन्मभर शिवणाच्या वर्गात शिकवून निवृत्त झालेली. मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती, कोण जाणे!

पहिल्याच बाईंनी विचारलं, "ही निळी बॅग मिळेल का?"

आईने टाइप केलं, "मिळेल की. पण घरी जुनी जीन्स आहे का?"

मी ओरडलो, "अगं आई, गिऱ्हाईक आहे ते!"

"म्हणून काय फसवू? कापड पातळ, शिलाई कच्ची. चेन तेवढी झकास आहे. त्यापेक्षा जीन्स कापून पिशवी कशी शिवायची ते तिला सांगते."

सांगितलं! मापांसकट, अस्तरासकट! मग त्या बाईंनी मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने जावेला, जावेने अख्ख्या इमारतीला. माझ्या दुकानात शिवणाचा वर्ग भरला! कोणी बंद कुठे लावू विचारतंय, कोणी उलटी शिवलेली पिशवी दाखवून रडतंय, आणि आई प्रत्येकीला "उसव आणि पुन्हा टीप घाल" म्हणून दटावतेय.

वेबसाइटवाल्याचा फोन आला. "अभिनंदन! इतकी गर्दी झाली की साइट बंद पडली!"

"आणि विक्री?"

"ते तुम्ही बघा. माझं काम गर्दीचं."

वर अभिप्राय काय, तर "पाच तारे! या दुकानामुळे बॅग विकत घ्यावी लागली नाही!" सांगा, रागाने माणूस फुटणार नाही तर काय! पण बोलणार कोणाला? आपलेच दात, आपलेच ओठ!

शेवटी तिला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. आतल्या खोलीत पिशव्यांच्या आड बसलो, बायकोच्या फोनवरून ग्राहक झालो आणि विचारलं, "दुकानदार कसा आहे हो?"

उत्तर आलं, "मुलगा सरळ आहे, पण व्यवहारात भोपळा. आणि तिथे दडून टाइप करण्यापेक्षा बाहेर ये, जेवण निवतंय."

मी तणतणत बाहेर आलो. "आई, परवा सासूसासरे येतायत! एकही पिशवी गेली नाही! मला साहेबांकडे भीक मागायला लावणारेस का?"

आई स्क्रीनकडे बघत म्हणाली, "अरे, पण या सगळ्याजणी एकच विचारतायत. चांगली चेन कुठे मिळेल? मी सांगितलं, आमच्याकडे."

"आपल्याकडे? आपल्याकडे कुठे आहेत चेन?"

आईने कात्री उचलली आणि पिशव्यांच्या ढिगाकडे रोखली.

आता दुकान धडाक्यात चालतंय, नाही म्हणणार नाही. खोली रिकामी झाली. सासूबाई पाहुण्या म्हणून आल्या आणि चेन मोजून पाकिटात भरायला बसल्या. साहेबांचीसुद्धा ऑर्डर आली! एक चेन, निळी. सोबत त्यांनी स्वतः शिवलेल्या बॅगेचा फोटो पाठवला होता.

आईने तो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "तुझ्या पिशव्यांपेक्षा शिलाई बरी आहे हो यांची!"

यशस्वी उद्योजकाला बोलायला वेळ कुठे असतो? सकाळपासून मान खाली घालून स्वतःच्याच पिशव्या उसवत बसलोय!