माशाची जबानी घेणारे किशनमामा

किशनमामा मासा विकत घेण्याआधी त्याची जबानी घ्यायचे. नांदेडच्या मासळी बाजारात उकिडवे बसायचे, माशाचा कल्ला उघडून आत डोकवायचे आणि विकणाऱ्या बाईला विचारायचे, "ह्याचं गाव कोणतं?" नदीचा का तळ्याचा? नदीचा असला तर शहराच्या वरच्या अंगाचा का खालच्या? वय किती? बर्फात किती दिवस काढले? बाई वैतागून म्हणायची, मामा, सोयरीक जमवायची का याच्याशी? मामा हसायचे नाहीत. "पोटात घ्यायचाय. सोयऱ्यापेक्षा जवळचा झाला की."

मामा यंदाच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या मुलीला, सुनीताला, विचारूनच हे लिहितेय.

एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. सगळी नोकरी परीक्षानळ्या धुण्यात गेली. प्राध्यापक आले आणि बदलून गेले, नळ्या मात्र यांनीच धुतल्या, त्यामुळे विज्ञानावर आपला हक्क जरा जास्त, असं त्यांचं मत होतं. मोठ्या मरळीला ते हात लावायचे नाहीत. "हा पुढारी हाय," म्हणायचे. "बारक्यांना खाऊन मोठा झालेला. त्या सगळ्यांच्या पोटातली घाण ह्याच्या अंगात." चरबी कापून टाकली की पारा जातो, असं गल्लीतलं कुणी म्हणालं की चिडायचे. पारा मांसात बसतो, तो सुरीला भीत नाही. बोटाएवढ्या बारीक माशांवर मात्र त्यांचा जीव. काट्यासकट खा, म्हणायचे. हाडाला बळ, रक्ताला लोह, पोटातल्या लेकराच्या मेंदूला तेल. हे सगळं ते ताट वाढून झाल्यावर सांगायचे. एकदा आमच्याकडे जेवायला होते, तर माझा भाऊ कालवण दोनदा गरम करून आणून शेवटी उपाशीच कामावर गेला.

मी त्यांची शेजारीण. नदीचं काम करते. काम म्हणजे पत्रकं काढते आणि भांडते. शहराची घाण नाल्यातून सरळ गोदावरीत सोडायची आणि घाटावर उभं राहून तिचीच आरती करायची, हा प्रकार ज्यांना खपतो त्यांच्याशी माझं जमत नाही.

तीन उन्हाळ्यांपूर्वी मी एक पत्रक काढलं. लाल अक्षरात: नदीचा मासा म्हणजे विष. खाऊ नका. मामांनी ते पेननं तपासून मला परत आणून दिलं. समासात प्रश्नच प्रश्न. कोणता मासा? कुठल्या पाण्याचा? कुणी खायचा नाही? आठवड्यातून किती वेळा? आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: न खाल्ल्यानं काय होतं, ते कुठं लिहिलंय?

मी म्हटलं, मामा, पत्रकात एकच गोष्ट सांगायची असते. दोन बाजू सांगितल्या की लोक घरी जाऊन झोपतात. वर हेही म्हटलं, की घाण सोडणाऱ्यांची वकिली तुम्ही कशाला करून राहिलात? वकिली हा शब्द त्यांना लागला. पेनाला टोपण लावलं आणि गेले. पत्रक मी आहे तसंच वाटलं, हजार घरी.

त्यातलं एक त्यांच्याच घरी गेलं.

सुनीता ही त्यांची एकुलती मुलगी, नायगावला दिलेली. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातवा महिना लागलेला. डॉक्टरांनी अंगात रक्त कमी असल्याचं सांगितलं. गोळ्या घेतल्या की उलट्या व्हायच्या. मामा पहाटे सायकल काढून अर्धापूरकडच्या एका तळ्यावर जायचे, डोळ्यांसमोर जाळं ओढायला लावायचे आणि बारीक मासे आणून स्वतः शिजवायचे. सुनीता ताट सरकवून द्यायची. उशाशी माझं पत्रक. तळ्याचा हाय, नदीचा न्हाई, असं मामा सांगून थकले. ती म्हणायची, विष म्हटल्यावर तळं काय नि नदी काय. छापून आलंय ना.

एका सकाळी मामा माझ्या दारात उभे. "तूच चल आणि सांग तिला. तुझ्या छापलेल्याला मानते ती. माझं ऐकत न्हाई."

मी म्हटलं, एवढं काय त्यात, डाळ द्या, पालेभाजी द्या. मामा पायरीवर बसले. मग जे सांगितलं ते माझ्याकडे न बघता.

सुनीताची आई गंगाबाई दुसऱ्यांदा पोटुशी होती तेव्हाची गोष्ट. तिचं माहेर बिलोलीकडं, नदीकाठचं. सातव्या महिन्यात माहेराहून ओटीबरोबर सुकवलेल्या बारीक माशांचं गाठोडं आलं. त्यांच्याकडे तशी रीतच होती, लेकीच्या अंगात रक्त भरावं म्हणून. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत एक सर दुसऱ्या सरांना सांगत होते, की माशात पारा असतो आणि त्यानं पोटातलं मूल मतिमंद होतं. मामांनी नळ्या धुताधुता तेवढंच ऐकलं. कोणत्या माशात, किती, हे विचारलं नाही. सरांच्या बोलण्यात परिचरानं तोंड घालायची पद्धत नव्हती. घरी आले आणि गाठोडं उकिरड्यावर टाकलं. त्याच्या बदल्यात तिच्या ताटात दुसरं काहीच आलं नाही. चटणी-भाकरी होती, तीच राहिली.

"ती काही बोलली न्हाई," मामा म्हणाले. "मी सायन्सवाला. तिला वाटलं, ह्याला कळतंय."

बाळंतपणात रक्त गेलं आणि थांबलं नाही. बाळही दुसऱ्या दिवशी गेलं. "मासे खाल्ले असते तर वाचली असती, असं मी म्हणत न्हाई. अंगात रक्तच नव्हतं, एवढं डॉक्टरनं सांगितलं." उठताना गुडघ्यावर हात ठेवून थांबले. "सुनीताला बोलू नको. आई तापानं गेली, असंच तिला माहीत हाय."

मी गेले. मी माफी मागणाऱ्यांतली नाही, त्यामुळे वाक्य जुळेना. शेवटी म्हटलं, बाई, चूक माझी. चिडले होते नाल्यावर, आणि हात घातला तुझ्या ताटात. मग कोणता मासा, कुठला, किती वेळा, सगळं सांगितलं. तिच्या आईचं बोलले नाही. मामा आत कालवण गरम करत होते.

सुनीतानं आवाज खाली आणला. "बाबांनी आईचं सांगितलं ना तुला? त्याशिवाय तू चूक म्हणणारी न्हाईस."

मी उशाजवळचं पत्रक उचललं आणि घडी घातली.

"बिलोलीच्या आजीनं सांगितलंय मला, गाठोड्याचं. आठवीत होते तेव्हाच."

मग खात का नव्हतीस, असं विचारलं तर म्हणाली, भीती वाटली. बाबांना वाटली होती तशीच. आणि एवढी वर्षं त्यांच्याशी या विषयावर बोलली का नाहीस, असं विचारलं तेव्हा तिनं दाराकडे बघून घेतलं.

"बोलले असते, तर त्यांना सगळं माझ्यासमोर सांगावं लागलं असतं."

मामा ताट घेऊन आले. ती भिंतीला टेकून सरळ बसली, पहिला घास घेतला आणि मान वर न करता म्हणाली, "बाबा, आईला हे आवडायचं का?"

मामा उभेच होते.

"हाव," म्हणाले. "लई."