अल्लीपूरची रांग

चाचणीसाठी लिहिलेला प्रोग्राम मी खऱ्या रांगेला जोडला आणि तसाच सुरू ठेवून घरी गेलो.

पण आधी सुखदेवभाऊ. वर्ध्याजवळ नालवाडीतल्या आमच्या ऑफिसात गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचं काम चालतं. केंद्रावर दूध मोजलं की त्याचा मेसेज आमच्या सर्व्हरवर येऊन रांगेत उभा राहतो. प्रत्येक गावाची रांग वेगळी. रांगेच्या तोंडाशी लिसनर नावाचा प्रोग्राम कान लावून बसलेला असतो. तो मेसेज उचलतो आणि खात्यात नोंदवतो. एकदा उचलला की तो मेसेज रांगेतून गेला. या रांगा उभ्या करणं, त्यांवर लिसनर बसवणं हे सुखदेवभाऊंचं काम. त्यांच्या हाताखाली ते बिघडवणं हे माझं.

मेसेज ही माणसंच आहेत, असं भाऊ धरून चालतात. आल्या आल्या पहिला प्रश्न, "कोनी उभं हाये का?" रांग रिकामी झाल्याशिवाय डबा उघडत नाहीत. "लोकं उभे हायेत अन् आपन वांगे खायचे?" सर्व्हर तापला की "लोकाइले उकडून राह्यलं" म्हणत स्वतःचा टेबलफॅन तिकडे फिरवतात. मे महिन्यात वर्ध्यात राहिलेल्यालाच या त्यागाची किंमत कळेल.

त्या सकाळी ते स्क्रीनसमोरून हलेनात. चहा निवला.

"अल्लीपूरचं काऊन काई नाई?"

"येईल हो भाऊ."

"मनोहर खाडा नाई करत."

"कोण मनोहर?"

"माहा लहाना भाऊ. केंद्र तोच चालवते."

"मग फोन लावा ना त्याला."

"बोलत नाई आमी," भाऊ खाली बघत म्हणाले.

विहिरीवरच्या मोटारीवरून दोघांचं बिनसलं होतं, तेव्हापासून बोलणं बंद. मनोहर घरी एकटा, त्यात शुगर. रोज सकाळी अल्लीपूरचा पहिला मेसेज दिसला, की भावाचं बरं आहे एवढं यांना कळायचं. मी केंद्रांच्या यादीतून मनोहरचा नंबर काढून माझ्या फोनवरून लावला. नुसती रिंग जात राहिली. तोवर भाऊंनी स्कूटरची किल्ली उचलली होती.

"चाल."

वायगाव मागे पडलं आणि मला माझा प्रोग्राम आठवला. चाचणीसाठी मी अल्लीपूरचीच रांग निवडली होती, कारण 'अ'मुळे ती सगळ्यात वर होती. तिथला प्रत्येक मेसेज उचलून तो इमानदारीनं फेकून देत होता. मी मागून ओरडून सांगितलं. ते वाऱ्यात गेलं. पुन्हा ओरडायची हिंमत झाली नाही, कारण भाऊ हॉर्न द्यायचा सोडून तोंडानंच "हट! हट!" करत होते. शिवाय मनोहरनं फोन का उचलला नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं.

केंद्रासमोर एक माणूस पाइप घेऊन दुधाचे कॅन धूत होता. भाऊंनी स्कूटर थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. उतरलेही नाहीत.

"काऊन आला?" त्या माणसानं विचारलं.

"तुहा मेसेज नाई आला."

"मंग?"

"फोनबी नाई उचलला."

"फोन घरी चार्जिंगले हाये." मनोहर तसाच उभा राहिला. पाइपातलं पाणी त्याच्याच पायांवर पडत होतं. "रोज पाह्यतं का तू?"

"कामच हाये ते माहं."

"कामच हाये," मनोहर म्हणाला. मग कॅनकडे बघत, हळूच, "मी बी सगळ्याइच्या पहिले माहंच दूध मोजतो. तुले दिसावं म्हनून."

भाऊंनी हेल्मेटची काच खाली ओढली. बराच वेळ ती वर केली नाही. आत काय चाललं होतं ते मी पाहिलं नाही. मी इंजिन बंद केलं, तेवढंच एक काम माझ्या हातून त्या दिवशी नीट झालं.

मनोहरनं बाज ओढली, आतून चहा आणला. भाऊ बसले. घोटभर चहा घेऊन मनोहरला शंका आली. "पन मेसेज गेला कुठी? म्या तं पाठोला होता."

मी शाळेतल्यासारखा हात वर केला आणि सगळं सांगितलं. मनोहरनं मला पायापासून डोक्यापर्यंत सावकाश न्याहाळलं. मग भावाकडे वळला.

"दादा, याले म्हशीजवळ नको जाऊ देजो. दूध आटन तिचं."